आधी तारा, मग तोरण

कार्यालय नव्या जागेत न्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिल्या बैठकीत काय काय ठरतं? मुहूर्त कुठला, पूजेला कोण बसणार, पेढे कुठून आणायचे, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, पाटीवर नावं कुणाची. दुसऱ्या बैठकीत भिंतींचा रंग, पडदे आणि साहेबांच्या केबिनची काच. आणि मग सामान हलवायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी आठवतं, "अरे, ते कॉम्प्युटरचं काय? त्या पोराला फोन करा." पोरगा येतो, तारा उपटतो, पोत्यात भरतो आणि टेम्पोत टाकतो. झालं नियोजन!

हे उलटं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या दिवसात कार्यालयाच्या स्थलांतराची सुरुवात तारांपासून झाली पाहिजे आणि तोरण शेवटी लागलं पाहिजे. आणि हे नियोजन करताना रोज त्या संगणकावर बसणाऱ्या बाईला पहिली खुर्ची दिली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, कंपनीची कार्यालयं, इंटरनेट, सर्व्हर हे सगळं पुण्या-मुंबईचं. आमचा काय संबंध? मैत्रिणींनो, संबंध आहे. २००२ साली कंपनी कायद्यात बदल झाला आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढायची वाट मोकळी झाली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी निघते, तिला किमान पाच संचालक लागतात. बचत गटातून पुढे आलेल्या कितीतरी बायका आज अशा कंपन्यांच्या संचालक आहेत. कुणी हळद विकतं, कुणी सोयाबीन, कुणी डाळ करून पाकिटं भरतं. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं कार्यालय असतं, तीन संगणक असतात, बारावी किंवा बी.कॉम. झालेली एखादी मुलगी नोंदी करत असते. ही आपलीच कंपनी आणि हे आपलंच कार्यालय.

आता त्या संगणकात काय असतं बघा. कुणाचे किती शेअर्स, कुणी किती पोती माल घातला, वजन किती भरलं, ओलावा किती निघाला, चुकारे किती दिले, किती बाकी, बँक खात्यांचे नंबर, आधारच्या प्रती, जीएसटीची बिलं. म्हणजे पूर्वीची खतावणी, कपाट आणि तिजोरी या तिन्ही वस्तू त्या एका डब्यात शिरल्या आहेत. तिजोरी हलवताना आपण चार माणसं बरोबर पाठवतो. मग हा डबा पोत्यात का?

आमच्या तालुक्यात मध्यंतरी असंच झालं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या कंपनीचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचा आहे. सभासद बहुतेक बायका. जुनी जागा गल्लीत, वाड्यातली. नवी जागा रस्त्यावर, ऐसपैस. मुहूर्त धरला दसऱ्याचा. दसरा शुभ खरा, पण सोयाबीनची आवक नेमकी तेव्हाच सुरू होते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. इंटरनेटचा अर्ज चार दिवस आधी दिला. नंतर कळलं की फायबरची तार रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेली आहे आणि अलीकडे आणायची तर परवानगी लागते. जुन्या जागेचं कनेक्शन तर पूजेच्या दिवशीच बंद करून टाकलेलं! मग मोबाइलचं इंटरनेट वापरून काम सुरू केलं, तर नव्या इमारतीच्या आतल्या खोलीत रेंजच नाही. हिशेब करणारी मुलगी मोबाइल खिडकीच्या गजाला टांगून बिलं करत होती. दोन आठवडे चुकारे रखडले.

आणि शिव्या कुणी खाल्ल्या? जागा निवडणाऱ्यांनी नाही, मुहूर्त काढणाऱ्यांनीही नाही. त्या मुलीने खाल्ल्या. "पेढे खायला पैसे आहेत, आमचे द्यायला नाहीत का?" असं बायका तिला तोंडावर विचारत होत्या. त्यातल्या काही माझ्याकडे आल्या म्हणून मला हे सगळं समजलं. एकीला पोराच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते, दुसरीने बियाण्याच्या दुकानाची उधारी दिवाळीपूर्वी फेडायचा शब्द दिला होता. तारेचा प्रश्न असा थेट चुलीपर्यंत येतो. म्हणून तो आपला प्रश्न आहे.

मी त्या मुलीला विचारलं, "तुला आधी कुणी विचारलं होतं का, गं?" ती म्हणाली, "ताई, मला सामान भरायच्या दिवशी कळलं." मला राग आला तो याच वाक्याचा. रोज आठ तास त्या यंत्रापुढे बसणाऱ्या बाईला ठाऊक असतं की प्रिंटर कुठे असला म्हणजे दर पावतीला उठावं लागत नाही, दुपारी कुठल्या खिडकीतून पडद्यावर ऊन येतं, महिन्याच्या कुठल्या तारखांना काम थांबून चालत नाही. हे ज्ञान फुकट उपलब्ध असताना आपण ते वापरत नाही. का? तर ती पगारी मुलगी, आणि तंत्रज्ञान म्हणजे पुरुषांचं काम!

खरं तर घर हलवणं आपल्याइतकं कुणाला येतं? बदलीच्या नोकरीतल्या नवऱ्यामागे चार-चार गावं केलेल्या बायका इथे वाचत असतील. आपण काय करतो? गॅसचं नाव आधी ट्रान्स्फर करतो. दूधवाला, पाण्याची वेळ, लाइट किती तास जाते, हे शेजारणीला विचारून ठेवतो. डब्यांवर नावं लिहितो. शेवटपर्यंत एक स्टोव्ह आणि चहाचं पातेलं बाहेर ठेवतो आणि नव्या घरात पहिल्यांदा स्वयंपाकघर लावतो, दिवाणखाना मागाहून. संगणकाच्या स्थलांतराचं शास्त्रही याहून फार वेगळं नाही. फक्त वस्तूंची नावं नवी आहेत, ती शिकायला चार दिवस पुरतात.

पहिली गोष्ट, जागा बघायला जाल तेव्हाच इंटरनेटची चौकशी करा. भाडेकरारावर सही झाल्यावर नव्हे. शेजारच्या दुकानात विचारा, तुमच्याकडे कुणाची लाइन आहे, पावसात टिकते का, बिघडली तर माणूस किती दिवसांनी येतो. कंपनीच्या माणसाला जागेवर आणून दाखवा आणि तार कुठून येणार हे त्याच्याकडून लेखी घ्या. अर्ज निदान दीड-दोन महिने आधी द्या. जुनं कनेक्शन नवं सुरू होऊन आठवडाभर नीट चाललं की मगच बंद करा. एका महिन्याचं दुहेरी भाडं पडेल, पडू द्या. चुकारे रखडून गेलेला विश्वास त्याहून महाग असतो. आणि जमलं तर दुसऱ्या कंपनीचं एक छोटं कनेक्शन किंवा डोंगल राखीव ठेवा. आपण नाही का गॅसचा भरलेला एक सिलिंडर कोपऱ्यात ठेवत?

दुसरी गोष्ट वीज. जागेचा मंजूर भार किती, ते महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं. तीन संगणक, प्रिंटर, पंखे आणि उद्या एसी, एवढं त्यात बसतं का ते वायरमनला विचारा. अर्थिंग आहे का, हे नुसतं विचारू नका, तपासून घ्या. तीन पिनांचं सॉकेट भिंतीवर दिसतं, पण आत तिसरी तार जोडलेलीच नसते, असे नमुने गावोगाव आहेत. अर्थिंग नसेल तर संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि माणसाच्या जिवालाही धोका असतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, कारण तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बंद कपाटात कोंडायच्या नाहीत, कारण चार्ज होताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो. त्यांना हवा लागते आणि त्यांच्यापासून देवाची समई दूर लागते.

तिसरी गोष्ट, भिंती उघड्या असतानाच तारा घाला. एक चौकटीचा कागद घ्या, त्यावर खोली काढा, टेबलं मांडा. प्रत्येक टेबलापाशी इंटरनेटचे दोन पॉइंट आणि विजेची तीन-चार सॉकेटं धरा. आज एकच लागतो म्हणून एकच घातला, तर वर्षभरात जमिनीवरून तार ओढाल आणि कुणीतरी त्यात पाय अडकून पडेल. इंटरनेटची तार विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेऊ नका. तांब्याची साधी नेटवर्क केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर मीटरच्या आत ठेवायची असते, म्हणून गोदाम लांब असेल तर आधी अंतर मोजा. 'वायफाय आहे की, तारा कशाला,' असं कुणी म्हटलं तर जुन्या दगडी भिंतीकडे बोट दाखवा. त्या भिंतीपलीकडे वायफाय नीट पोचत नाही.

आणि मुख्य यंत्र कुठे ठेवायचं? जिथे जागा उरेल तिथे नाही. मोरीच्या भिंतीला लागून नाही, पाण्याच्या टाकीखाली नाही, चहाच्या ओट्याशेजारी तर नाहीच. नदीकाठचं गाव असेल तर तळमजल्यावरही नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा तिथल्या एस.टी. आगाराचे प्रमुख सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले होते. रोकड त्यांनी वाचवली. पण आजच्या कार्यालयाची खरी संपत्ती नोटांच्या पिशवीत मावत नाही, ती यंत्रात असते. पुराच्या रात्री ते यंत्र टपावर कोण नेणार?

इथून मी सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे नोंदींची दुसरी प्रत, ज्याला हे लोक बॅकअप म्हणतात. तुम्हाला वाटेल, खेड्यातल्या कंपनीला कशाला एवढं? तर ऐका. दक्षिण कोरिया हा तंत्रज्ञानात केवढा पुढारलेला देश! २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या डेजॉन शहरात सरकारी संगणक केंद्राला आग लागली. केव्हा? यूपीएसच्या बॅटऱ्या पाचव्या मजल्यावरून तळघरात हलवण्याचं काम चालू असताना. म्हणजे जे काम धोका टाळायला काढलं, त्यातच ठिणगी पडली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रं ज्या सामाईक साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला आणि त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. कारण काय सांगितलं? साठा फार मोठा होता म्हणून! स्थलांतराचा दिवस हा यंत्रांच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा दिवस असतो, हे एवढ्या मोठ्या सरकारालाही महागात पडून कळलं.

जाणकार लोक यासाठी तीन-दोन-एकचा नियम सांगतात. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा वेगळ्या इमारतीतल्या कपाटात. आपल्या कंपन्यांना तर हे मर्जीवर सोडलेलंच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलला आणि संगणकावर ठेवलेल्या हिशेबपुस्तकांची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. आपल्या कंपनीत हे होतं का, एवढं पुढच्या सभेत विचारून बघा.

आणि प्रत घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका. लोणचं बरणीत घातलं म्हणजे संपलं का? अधूनमधून झाकण उघडून बघावं लागतं, बुरा आला नाही ना. तसंच सामान हलवण्यापूर्वी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. पाच सभासदांची नावं घ्या, त्यांचे चुकारे बरोबर दिसतात का ते ताडा. उघडली नाही तर ती प्रत नव्हेच. बैल गेल्यावर झोपा करण्यात काय अर्थ?

प्रत्यक्ष हलवण्याचा दिवस निवडताना पंचांगाच्या जोडीला आवकेचा आणि चुकाऱ्यांचा कॅलेंडर बघा. मी मुहूर्ताच्या विरोधात नाही. श्रद्धा ज्याची त्याला. पण पूजा दसऱ्याला करा आणि संगणक हंगाम संपल्यावर हलवा, असं का चालू नये? देव काही फायबरवर येत नाही. शनिवार-रविवार धरला तर सोमवारी काम सुरू करायला श्वास मिळतो. तारा काढण्याआधी प्रत्येक यंत्राच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा. प्रतीची हार्ड डिस्क टेम्पोत टाकू नका, माणसाने हातात धरून वेगळ्या गाडीने न्यावी. दागिन्यांची पिशवी आपण नेतो तशी. आणि नव्या जागेत पहिल्यांदा एक संगणक, एक प्रिंटर आणि इंटरनेट लावून एक पावती छापून बघा. सोफा मागाहून. त्या पावतीवर पत्ता जुनाच तर छापला जात नाही ना, तेही बघा. जीएसटीच्या नोंदणीतल्या पत्त्याच्या बदलासाठी १५ दिवसांत अर्ज करावा लागतो, ते हिशेबनीसाला आठवण करून द्या.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. कंपनीचे पासवर्ड कुणाकडे असतात? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, त्या पोराकडे. कंपनीचा ईमेल त्याच्या मोबाइल नंबरावर काढलेला, सॉफ्टवेअर त्याच्या नावावर घेतलेलं. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की ओटीपी पुण्यात वाजणार आणि कंपनी इथे कुलपाबाहेर उभी! पोरगा वाईट नसतो, व्यवस्थाच ढिली असते. घराच्या किल्ल्या आपण इलेक्ट्रिशियनकडे ठेवतो का? स्थलांतर ही ते सुधारायची उत्तम संधी आहे. सगळी खाती कंपनीच्या नावावर, कंपनीच्या नंबरावर करून घ्या. यादी पाकिटात सीलबंद करून कंपनीच्या तिजोरीत ठेवा आणि तसा ठराव लिहा.

जुने संगणक निघतील, तेव्हा ते किलोच्या भावाने भंगारवाल्याला देऊ नका. फाइल पुसली तरी ती हार्ड डिस्कमधून परत काढता येते. त्यात शेकडो बायकांची आधार कार्डं आणि खातेनंबर आहेत. विश्वासाने दिलेली माहिती सांभाळण्यासाठी २०२३ साली वेगळा कायदाही झाला आहे. हार्ड डिस्क काढून वेगळी ठेवा किंवा तंत्रज्ञाकडून समोर नष्ट करून घ्या, आणि बाकीचं सामान ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या.

हे सगळं सांगितलं की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "एवढा पैसा कुठून आणायचा?" पैसा थोडा आहे हे मान्य. म्हणूनच क्रम लावायचा. अर्थिंग, प्रत आणि राखीव इंटरनेट आधी. केबिनची काच, एसी आणि मोठी पाटी नंतर. काचेविना चुकारे थांबत नाहीत. चिठ्ठ्या, फोटो, चौकटीचा कागद आणि महिनाभर आधीचा अर्ज यांना तर जवळजवळ पैसे लागतच नाहीत, लागतो तो विचार.

दुसरं उत्तर जास्त जुनं आहे. "तुम्हा बायकांना यातलं काय कळतं?" मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. राउटर आणि स्विच यातला फरक मला एका तंत्रज्ञाने दहा मिनिटांत समजावला आणि तो मला समजला. पण वाईट वाटतं ते आपल्यातल्याच काहींचं. ठरावावर सही करायला बोलावलं की त्या पदर सावरून सही करतात आणि तारांचा विषय निघाला की म्हणतात, "भाऊ, ते तुमचं तुम्ही बघा." सही आपली असेल तर प्रश्नही आपणच विचारायला हवेत. तंत्रज्ञाला तार कशी जोडायची ते कळतं. पण कुठल्या दिवशी कुठलं काम थांबून चालणार नाही, हे त्याला कोण सांगणार?

तेव्हा तुमच्या कंपनीचं, पतसंस्थेचं, बचत गटाच्या संघाचं कार्यालय हलणार असेल, तर पहिल्या बैठकीत चार प्रश्न टाका आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. नव्या जागेत इंटरनेट कधी येणार, लेखी आहे का? अर्थिंग कुणी तपासलं? नोंदींची प्रत कुठे आहे आणि शेवटची कधी उघडून पाहिली? पासवर्ड कुणाकडे आहेत? आणि पाचवा प्रश्न त्या संगणकावर बसणाऱ्या मुलीला विचारा, "बाई गं, तुला टेबल कुठे हवं?" या पाचांची उत्तरं मिळाली की मग खुशाल आंब्याची डहाळी आणा आणि तोरण बांधा.